फुलाचं

१० एप्रिल १९७९, मंगळवार

आज दुकान उघडलं. पिस्ता आइस्क्रीमचा पहिला पॉट निघाला. मामाजींनी चमचा पुढे केला — ‘पाय बरं.’ मी तोंडात घातला. थंड. एवढंच! पिस्ता होता की पेंड होती, विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

‘कसं झालं?’

‘बरं झालं.’

मामाजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. या घरात चव माझी चालते. लग्न होऊन आले त्याच वर्षापासून. साखर कणभर जास्त, दूध जरा जास्त आटलं, वेलची जुनी आहे — हे मी सांगायचं आणि सासऱ्यांनी मान डोलवायची. धरमपेठेतल्या आमच्या पाटीवर ‘भैय्याजी आइस्क्रीम’ लिहिलेलं असलं तरी भैय्याजी, म्हणजे मामाजी, स्वतः गिऱ्हाइकांना सांगतात, हात माझा, जीभ सुनेची. ती जीभ आज तोंडात नुसती पडून होती.

हे फेब्रुवारीत गेले. बुटीबोरीच्या अलीकडे, स्कूटरला ट्रकनं उडवलं. नव्या गवळ्याकडे दूध ठरवायला निघाले होते. तेव्हापासून मला काही लागतच नाही. वरण, चहा, खोकल्याचं औषध — सगळं एक. भाजीत मीठ विसरले तर माझी लेक तारा सांगते. मामाजींना बोलले नाही. सीझन तोंडावर आला आहे, म्हाताऱ्याला कशाला घाबरवायचं.

१२ एप्रिल

इंदुताई महाल भागातून आल्या. माझी नणंद, ह्यांच्याहून मोठी. दारातूनच सुरुवात.

‘रडली नाही वं तू अजून. रड एकदाची. असं साचवून ठेवणं चांगलं नाही.’

‘येत नाही रडू.’

‘काहून नाही येत? माणूस गेला तुझा!’

जसं काही मी विसरलेच होते! मग त्यांनी माझ्याजवळ बसून मला रडून दाखवलं. खोटं नव्हतं, अगदी मनापासून रडल्या. मी पाणी दिलं. जाताना म्हणाल्या, ‘घट्ट आहे बाप्पा तुझी छाती.’ रडू नळासारखं वेळेवर येत असतं तर मीही बादली लावून बसले असते.

राग आला नाही. आला असता तर बरं वाटलं असतं.

१४ एप्रिल

ताराचं पोट पुन्हा बिघडलं.

आमच्याकडे संध्याकाळच्या पॉटचा पहिला कप घरच्या मुलाला देतात. मामाजींनी दुकान काढलं तेव्हापासूनचा रिवाज. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकं उभी असायची आणि मामाजी सगळ्यांच्या देखत पहिला कप ह्यांना द्यायचे. ‘माझा पोरगा खाते, मंग तुम्ही खा.’ लोकांना कौतुक वाटायचं. आता तो कप ताराचा. तारा आठ वर्षांची, वीस मेला नऊ पूर्ण होतील. बाबांचा कप मिळतो म्हणून ताठ उभी राहून खाते, शेवटचा थेंबसुद्धा चाटते. आणि घरी येऊन पोट धरून लोळते. गुडगुड, मुरडा, तीनदा संडास.

आज लोळता लोळता म्हणाली, ‘आई, मले बाबाची पुडी दे ना.’

म्हणजे तिला माहीत होतं! ह्यांच्या खिशात ओव्याची पुडी असायची. ह्यांनाही दूध सोसायचं नाही. दही, ताक खुशाल चालायचं. दूध, आइस्क्रीम पोटात गेलं की झालंच. पण भैय्याजींचा मुलगा आणि आइस्क्रीम सोसत नाही, हे बाहेर कसं सांगायचं? रोज बापाच्या हातून कप घ्यायचा, हसत खायचा, मागे येऊन ओवा चावायचा. मला शपथ घातली होती. मामाजींना आजवर पत्ता नाही.

पुडी ह्यांच्या पांढऱ्या शर्टात तशीच सापडली. ताराला दिली. ओव्याचा वासही आला नाही मला.

१५ एप्रिल

ऊन. दुकान. जेवण. झोप.

१७ एप्रिल

कॉलेजच्या मुलींचा घोळका आला. त्यातली एक नवी होती. ‘रोज फ्लेव्हर आहे?’ म्हणाली. तर दुसरी तिला कोपरानं ढोसून सांगते — ‘इथं फुलाचं म्हण. इथं फुलाचंच म्हणतात.’

खरंच की. सगळी धरमपेठ फुलाचं म्हणते. का म्हणते ते आता कोणाला ठाऊकही नसेल.

ह्यांचं नाव तेच ना! त्या फुलाचं. इथं वहीतसुद्धा लिहवत नाही, पाहा! लग्नानंतर आठवड्याभरात मला काउंटरवर बसवलं. एका बाईनं विचारलं, लालवालं कोणतं आहे? मी तोंड उघडलं आणि मागून सासूबाईंचा आवाज — ‘नवऱ्याचं नाव घेतं काय वं भर दुकानात!’ मी घाबरून म्हणाले, ‘ते... फुलाचं आहे.’ दुकान हसलं. तेव्हापासून फुलाचं.

हे महा खट्याळ. मित्रांना मुद्दाम पाठवायचे. ‘वहिनी, कोणत्या फुलाचं? मोगऱ्याचं का? झेंडूचं का?’ आणि स्वतः बर्फाच्या पोत्यामागे लपून ऐकायचे. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. सासूबाई गेल्या, काळ बदलला, शेजारची पुष्पलता नवऱ्याला नावानं हाका मारते. पण माझ्या तोंडाला फुलाचंच वळण पडलं ते पडलं.

हे लिहिताना हसू यायला हवं होतं.

१९ एप्रिल

ताराला घेऊन रामदासपेठेत डॉक्टरीणबाईंकडे गेले. मामाजीही आलेच. ‘माझी नात आहे, मी येतो.’

बाईंनी सगळं नीट विचारलं. काय खाल्लं की होतं, किती वेळानं होतं. मग म्हणाल्या, ‘आजार नाही हा. दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती हिला पचत नाही. पुष्कळांना होतं असं. दूध, आइस्क्रीम बंद ठेवा, दही थोडं द्या. घरात आणखी कोणाला आहे?’

मी काही बोलायच्या आत मामाजी ताडकन उठले. ‘आमच्या घराण्यात कोणालेच नाही! आन् दुधात साखर कुठून येते? साखर आम्ही मागून टाकतो! दूध घेताना मी सोता लॅक्टोमीटर लावतो. पाण्याचा थेंब नसते!’

‘आजोबा, लॅक्टोमीटर नाही. लॅक्टोज.’

‘तेच ते! तुम्ही म्हणून राहिल्या का आमचं दूध खराब हाये!’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तारा टेबलावर झोपून छताचा पंखा पाहत होती.

२० एप्रिल

मामाजी सकाळी लॅक्टोमीटर आणि दुधाची चरवी घेऊन त्या दवाखान्यात पोचले! पेशंट बसलेले असताना दुधात बुडवून दाखवला. ‘पाहा, कुठं हाये भेसळ?’ बाईंनी म्हणे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘दूध उत्तम आहे. मुलीला देऊ नका.’

कंपाउंडरनं येऊन पुष्पलताला सांगितलं, पुष्पलतानं मला. ती हसून हसून वाकली. मी म्हटलं, हो ना.

दुपारी मामाजी स्वतःशीच बडबडत होते. दूध सोसत नाही म्हणे. दूध! जन्मल्या लेकराले दूधच देते ना देव?

२४ एप्रिल

पहिला कप बंद. मामाजींनी आता कोणालाच दिला नाही, सरळ गिऱ्हाइकाला. तारा पॉटजवळ उभी होती ती तशीच वळून घरात आली. जेवली नाही. ‘मी बाबाची पोरगी नाही काय?’ म्हणाली.

मला तिला जवळ घ्यायचं सुचलं, पण ती झोपल्यावर.

२९ एप्रिल, अक्षय तृतीया

ह्यांच्या नावाची घागर भरली. पान वाढलं. पुरणपोळी, कढी, चिंचवणी, कुरड्या. मामाजींनी वर एक कप आणून ठेवला. फुलाचं. काठोकाठ.

‘त्याले लै आवडे,’ म्हणाले आणि डोळे पुसले.

मी पाहत राहिले. जिवंतपणी खाल्लं ते खाल्लं, आता गेल्यावरही सुटका नाही बिचाऱ्यांची! कप पानावर वितळला. पुरणपोळीखाली लालसर ओघळ गेला. तारानं माझा पदर ओढला आणि कानात म्हणाली, ‘आई, बाजूले ओवा ठेव ना.’

मी उठून डब्यातला चिमूटभर ओवा आणून पानाच्या कडेला ठेवला. मामाजींना वाटलं, शास्त्र असेल काहीतरी.

काही वाटलं का? खोटं कशाला लिहू. नाही.

१ मे

तारानं आज मागितलं. शाळेला सुट्ट्या लागल्या आहेत, दिवसभर पॉटच्या आसपास घुटमळत असते. ‘वाढदिवसाले पहिला कप मले पाहिजे. फुलाचं. पण दुखलं नाही पाहिजे.’

वर्षानुवर्षं आइस्क्रीम विकणारं घर, आणि घरच्या मुलीला एक कप देता येत नाही. करून पाहते. काही वाटण्याची वाट पाहिली तर वीस मे उलटून जाईल.

३ मे

गुलकंद, पाणी, साखर, लिंबू. फ्रीझरमध्ये ट्रेत ठेवलं. दगड झाला. तारानं सांडशीनं फोडून खाल्लं. ‘हा तर बर्फाचा गोळा आहे.’

५ मे

नारळाचं दूध काढलं. मला वाटलं, जमलं. घट्ट झालं, पांढरंशुभ्र. तारानं एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं. ‘आई! डोक्याले लावाच्या तेलाचा वास येते!’

चव घेऊन पाहिली. मला कसलाच वास आला नाही. आता घराची जीभ ताराची आहे.

मामाजी दारातून पाहून गेले. ‘काय करून राहिली?’ ‘काही नाही, मामाजी.’ बिनदुधाचं म्हणजे त्यांच्या लेखी भेसळ. गाडीवर सॅकरीन आणि रंग घालून विकतात ते. आमच्या पाटीवर नावाखाली ठळक लिहिलेलं आहे — ‘फक्त दूध!’ त्या एका ओळीवर या माणसानं सगळा जन्म काढला.

८ मे

जमलं! म्हणजे, तारा म्हणते जमलं.

होळीची थंडाई डोक्यात आली. काजू आणि मगज — खरबुजाचं बी — रात्री भिजत घातलं, सकाळी पाट्यावर गंधासारखं वाटलं, फडक्यातून गाळलं. दुधासारखं दिसतं हो! त्यात साखरेचा पाक, गुलकंद. ट्रेत ठेवून तासातासानं काट्यानं ढवळलं. जरा रवाळ राहिलं. पण तारानं दोन वाट्या खाल्ल्या आणि वाटी उपडी करून दाखवली.

९ मे

पोट दुखलं नाही. सकाळी मला उठवायला आली — ‘पाय, मी ठीक आहे!’

रवाळपणा जायला पॉट पाहिजे. बर्फात, मिठात फिरल्याशिवाय मऊ येणार नाही. मामाजींना विचारलं, लहान पॉट थोडा वेळ देता का.

‘कायले?’

सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा काळवंडला.

‘सुमती, इतके वर्ष मी लोकायले सांगून राहिलो का माझ्या पॉटात दुधाशिवाय काही फिरत नाही. आता माझ्याच घरात काजूचं पाणी फिरवतं काय वं? कोणी पाह्यलं तर? उद्या पाटीवर लिहू का, आमच्यात दूध नाही म्हणून?’

‘ताराच्या वाढदिवसापुरतं, मामाजी.’

‘पोट्टीचे नखरे आहे ते! तिच्या बापानं रोज खाल्लं, काही झालं काय त्याले?’

‘झालं,’ मी म्हटलं. ‘त्यांनाही पचत नव्हतं. रोज तुमच्या हातचा कप खाऊन मागं येऊन ओवा खायचे. खिशात पुडी असायची.’

शपथ मोडली. मोडताना आवाज चढायला हवा होता. ‘आज बर्फवाला उशिरा येणार आहे’ म्हणावं तसं म्हणून गेले. मामाजी उभे होते ते पाटावर बसले. मग विचारलं, ‘रोज?’

‘रोज.’

१० मे

दुकान बंद. भर मे महिन्यात! गिऱ्हाइकं येऊन परत गेली. मामाजी खाटेवर भिंतीकडे तोंड करून. जेवायला हाक मारली तर म्हणाले, ‘मले सांगाचं होतं ना त्यानं. मी का खाल्लं असतं त्याले?’

इंदुताई आल्या, बापाला पाहून पुन्हा रडल्या. या वेळी मला काही बोलल्या नाहीत. जाताना तेवढं विचारलं, ‘तू खातं ना वं काही?’

१२ मे

मामाजी सकाळीच सायकल काढून इतवारीच्या बाजारात गेले आणि दुपारच्या उन्हात डोक्याला फडकं बांधून परत आले. कॅरिअरला नवा कोरा पॉट. लहानसा, लाकडाची बादली, आत कल्हई केलेलं भांडं. माझ्यासमोर ठेवला.

‘याच्यात दूध कधी नाही टाकाचं. थेंब नाही. पोट्टीले तरास नको.’

मग स्वतःच काजू मगज मागवलं, मी वाटलेलं बोटावर घेऊन पाहिलं — ‘आणखी बारीक पाहिजे.’ स्वतः बर्फ फोडला, जाडं मीठ पसरलं, स्वतः हँडल फिरवलं. घाम गळत होता. तारा झाकणावर पाय देऊन उभी होती, पॉट हलू नये म्हणून. ह्यांची जागा ती.

निघालं ते मऊ. दिसायला तरी मऊ. मामाजींनी नेहमीसारखा चमचा माझ्यापुढे केला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, चमचा वळवून ताराच्या तोंडात दिला. मला काही विचारलं नाही. त्यांनाही कळलं होतं म्हणायचं.

१६ मे

सकाळी दुकानात गेले तर भाव लिहायच्या फळ्यावर मामाजींच्या मोठ्या अक्षरात सगळ्यात वर — ह्यांचं नाव. आणि पुढे ‘— दूध नाही’.

मी तशीच उभी.

‘फुलाचं ते दुधाचं,’ मामाजी म्हणाले. ‘हे त्याचं. याचं नाव हेच राहीन.’

‘मामाजी, लोक मला विचारतील...’

‘मंग? तुले मनाई असन. मी बाप आहे, मले कोणाची मनाई!’

आणि रस्त्याच्या अंगाला तोंड करून मोठ्यानं वाचूनही दाखवलं. पानवाला वळून पाहायला लागला.

पाटीवरचं ‘फक्त दूध!’ मात्र तसंच ठेवलं आहे. वर फक्त दूध, खाली दूध नाही. येणारा जाणारा वाचून थबकतो.

१८ मे

एक गृहस्थ तावातावानं — ‘भैय्याजी, तुम्हीसुद्धा? दूध नाही तर मग पैसे कशाचे घेता?’ मामाजींनी त्यांना पॉटजवळ नेऊन वाटलेला काजू दाखवला. गृहस्थ खाऊन गेले, जाताना आणखी एक बांधून नेलं.

गोकुळपेठेतल्या प्रयागबाई आल्या. म्हाताऱ्या, काठी टेकत. ‘मले दूध नाही चालत वं बाई, म्हणून मी तुमच्या दुकानाकडे पाह्यतच नव्हती.’ बाकावर बसून हळूहळू खाल्लं. चमचा चाटून धुतल्यासारखा केला.

लोकांना हवं आहे तर. इतकी माणसं होती, आणि आम्हाला माहीतच नाही.

मी नाव घेत नाही. फळ्यावर बोट ठेवते. कोणी विचारलं तर ‘हे’ म्हणते. ‘हे आहे’, ‘हे संपलं’. ह्यांना हेच म्हणायची ना आयुष्यभर.

२० मे

ताराचा वाढदिवस. संध्याकाळी लहान पॉट उघडला. गिऱ्हाइकं उभी होती. मामाजींनी पहिला कप भरला, उंच धरला — ‘माझी नात खाते, मंग तुम्ही खा!’

तारानं ताठ उभं राहून खाल्लं. शेवटचा थेंब चाटला. मग सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाली, ‘पोट नाही दुखत!’ लोक हसले. इंदुताईंनी तिची दृष्ट काढली. मामाजींनीही एक कप खाल्ला. मग कपाळावर हात मारून म्हणाले, ‘साधं होतं ना हे. किती साधं होतं.’

माझ्या मुलीला तिचा कप मिळाला. एवढंच हवं होतं आणि ते झालं. मी काउंटरवर बसून होते. सगळं काचेपलीकडे चाललं आहे असं वाटत होतं. मीही एक चमचा घेतला. थंड.

मला भीती वाटते आता. हे असंच राहिलं तर? मुलीचा आनंदही जर लागत नसेल, तर मी कशाची बाई!

२६ मे

पारा फार चढला. बर्फ पुरत नाही. बाकी काही नाही.

३ जून, रविवार

संध्याकाळी एक बाई रिक्षातून उतरल्या. हातात थर्मास. लांबून, प्रताप नगरातून आल्या होत्या. ‘गुलाब आहे का? आमच्या सासऱ्यांना दूध सोसत नाही, त्यांच्यासाठी हवं होतं.’

पॉट नुकताच रिकामा झाला होता. ‘संपलं’ म्हणायचं. रोज म्हणते. तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘गुलाब गेले.’

बाईंना कळेना. ‘गेले? कुठं गेले?’

‘गेले हो,’ मी म्हटलं. ‘फेब्रुवारीत. गुलाब गेले!’ आणि बर्फाच्या पोत्यांवर बसले ती बसलेच. हुंदका कुठून आला कळलं नाही, थांबवता येईना. गुलाब, गुलाब, नुसतं नाव घेत होते. बाईंनी थर्मास खाली ठेवून माझं डोकं पोटाशी धरलं. मामाजींनी शटर ओढलं. कोणी गप्प राहा म्हणालं नाही.

पुष्कळ वेळानं तारा आली. रिकाम्या पॉटच्या पात्याला लागलेलं बोटानं निपटून तिनं माझ्या तोंडात घातलं.

गुलकंद जास्त झाला आहे. उद्या कमी घालायला हवा.